शेखाडीवरचं आकाश

१६७९चा पावसाळा सरत आला आणि अलिबागजवळच्या थळसमोर, खांदेरीच्या खडकाळ बेटावर, शिवाजी महाराजांची माणसं उतरली. मायनाक भंडारी त्यांचा म्होरक्या. माणसं थोडी, तोफा लहान, तट अजून जमिनीतून वर यायचा होता. मुंबईकर इंग्रजांना हे बेट मराठ्यांच्या हाती जाणं परवडणारं नव्हतं. बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज तिथून दिसत होतं. त्यांनी आपली गलबतं आणून बेटाभोवती पहारा बसवला. १८ ऑक्टोबरला मोठी झटापट झाली. नागावच्या बाजूनं आलेल्या मराठी आरमारानं इंग्रजांचं एक जहाज पकडून नेलं. तरी इंग्रज कप्तान कीगविननं ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटवरून उरलेल्या मराठी नौकांना मागं रेटलं. कागदावर बघितलं तर समुद्र इंग्रजांच्याच ताब्यात होता.

पण बेटावर दगड, चुना, धान्य आणि दारूगोळा पोचतच राहिला. रात्री वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागची हलत नसत. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या थळच्या उथळ पाण्यातून त्यांच्या नाकाखालून निघून जात. जानेवारी १६८०च्या अखेरीला इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पहारेकऱ्याला काही दिसत नव्हतं, अशातला भाग नाही. दिसत होतं, पण उशिरा, अर्धवट आणि अडवता येणार नाही अशा जागी.

रायगडच्या किनाऱ्याची पुढची जवळपास साडेतीनशे वर्षं या एका प्रश्नाभोवती फिरली: इतक्या खाड्या, इतकी बंदरं, इतक्या होड्या, नजर ठेवायची कुणी आणि कुठून? उत्तर दर वेळी उंची वाढवण्याचं निघालं. आधी बुरूज, मग दीपगृह, मग विमान, आणि आता चाळीस हजार फुटांवर दीड दिवस घिरट्या घालणारं, आत माणूस नसलेलं विमान. उंची वाढवण्यात शहाणपण आहेच. पंधरा मीटर उंच बुरुजावरच्या माणसाला क्षितिज जेमतेम १४ किलोमीटरवर दिसतं. चाळीस हजार फुटांवर तेच क्षितिज सुमारे ३९० किलोमीटरवर जातं. अलिबागच्या डोक्यावर इतक्या उंचीला थांबलेल्या यंत्राच्या क्षितिजात एका बाजूला दीव येतं, दुसऱ्या बाजूला पणजी. अर्थात हे भूमितीचं गणित झालं. तेवढ्या लांबची लाकडी होडी ओळखू येईलच असं नाही, तो भाग पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर या किनाऱ्यावर चोरटा व्यापार फोफावला. सोनं, चांदी, घड्याळं, कापड. दुबईहून निघालेला माल मोठ्या बोटीतून यायचा, खोल समुद्रात मचव्यांवर उतरायचा आणि रात्री एखाद्या आडबाजूच्या पुळणीवर लागायचा. याला ‘लँडिंग’ म्हणत आणि गावोगाव त्याची ठरलेली माणसं असत. तस्करी हाताबाहेर चालली म्हणूनच रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून १९७७ साली तटरक्षक दलाची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि पुढे त्याची डॉर्नियर विमानं या पट्ट्यावर घिरट्या घालू लागली. पण वैमानिक असलेल्या विमानाचं दुखणं साधं आहे. माणूस दमतो, इंधन संपतं, काही तासांत परतावं लागतं. विमान परतल्यापासून पुढचं येईपर्यंतचा समुद्र ज्याचा त्याचा.

श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी हे दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्ता समुद्राला इतका लागून जातो की उधाणाला लाटांचे तुषार गाडीवर येतात. ३ आणि ७ फेब्रुवारी १९९३ या दोन रात्री तस्कर टायगर मेमनच्या माणसांनी तिथं शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं. त्याआधी ९ जानेवारीला असंच एक लँडिंग दिघीला झालं होतं. शेखाडीचा माल गाड्यांवर चढवायला जी जागा वापरली ती वांगणी टॉवरची, म्हणजे दळणवळणासाठी उभारलेल्या सरकारी मनोऱ्याची. सरकारचं उंच ठिकाण होतं, राखणदार होते आणि त्याच्याच पायथ्याशी खोकी बदलली गेली. १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग एक स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली.

या घटनेकडे ‘समुद्रावर लक्ष नव्हतं म्हणून घात झाला’ अशा नजरेनं बघण्याची आपल्याला सवय लागली आहे. खटल्यातून बाहेर आलं ते वेगळंच. जानेवारीच्या शेवटी कस्टमच्या वरिष्ठांकडून लेखी इशारा आला होता की येत्या काही आठवड्यांत मुंबई, श्रीवर्धन, बाणकोट, रत्नागिरी या पट्ट्यात मोठा शस्त्रसाठा उतरू शकतो. तालुक्याचं नाव होतं, मुदत होती. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांच्या गस्ती पथकानं अडवल्यासुद्धा होत्या. तिथं सौदा झाला, आणि रोख रक्कम हाताशी नसल्यामुळं चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे गेल्या. कस्टमचे आणि पोलिसांचे अधिकारी या कटात सामील असल्याचं टाडा न्यायालयानं २००६ मध्ये ठरवलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या खटल्याचा अंतिम निकाल दिला.

म्हणजे डोळे होते, उघडे होते आणि विकले गेले होते. शेखाडीच्या डोक्यावर त्या रात्री जगातलं सगळ्यात महागडं टेहळणी विमान असतं तरी त्यानं बोट दाखवलं असतं, माणसं दाखवली असती, गाड्या दाखवल्या असत्या, आणि ती खबर गोंडघर फाट्यावर उभ्या असलेल्या त्याच पथकाकडे गेली असती. हे कडू आहे, पण या किनाऱ्याच्या इतिहासात यंत्रांची गोष्ट सांगताना ते आधी सांगायलाच हवं.

तेव्हा असं यंत्र नव्हतंच म्हणा. बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये विमानं घडवलेला अब्राहम करीम हा अभियंता सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यानं ‘अल्बाट्रॉस’ नावाचं हलकं मानवरहित विमान बांधलं. त्या काळी अशी यंत्रं उडायची कमी आणि पडायची जास्त. करीमचं म्हणणं होतं की आत माणूस नसेल तर वेळेचं बंधनच राहत नाही, मग विमान तासांत कशाला मोजायचं, दिवसांत मोजा. त्याच्या यंत्रानं सलग ५६ तास हवेत राहून दाखवलं. पुढं त्याची कंपनी बुडाली आणि त्याचं काम हातोहात जाऊन जनरल अॅटॉमिक्सकडे पोचलं. त्यातून ‘प्रिडेटर’ निघालं. त्याचं पहिलं उड्डाण जुलै १९९४ मधलं, म्हणजे शेखाडीला होड्या लागल्यानंतर जवळपास दीड वर्षानं. एप्रिल २००१ मध्ये त्याहून मोठं ‘ग्लोबल हॉक’ कॅलिफोर्नियाहून उडालं ते न थांबता थेट ऑस्ट्रेलियात उतरलं.

इतक्या उंचीवर इतका वेळ राहायचं तर विमानाची घडणच बदलते. चाळीस हजार फुटांवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या पावपट राहते. पंखाला पुरेशी उचल मिळावी आणि ओढही कमी राहावी म्हणून पंख लांब आणि चिंचोळे करावे लागतात. ‘प्रिडेटर’च्याच वंशातल्या ‘एमक्यू-९बी’ या विमानाच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २४ मीटर आहे, अंग मात्र बारीक. वेग बेताचा, इंजिन टर्बोप्रॉप, पोटात इंधन खच्चून भरलेलं. वैमानिकाची खुर्ची नाही, प्राणवायू नाही, दाब राखलेली खोली नाही. त्या वाचलेल्या वजनावर इंधन आणि रडार चढतं. वैमानिक मात्र असतोच. तो जमिनीवर बसून उपग्रहामार्फत विमान हाकतो आणि पाळी संपली की उठतो. पुढचा त्याच खुर्चीत बसतो. विमानाला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या सैन्याला या यंत्रांची निकड पटली ती कारगिलनंतर. नौदलानं इस्रायलची ‘सर्चर’ आणि ‘हेरॉन’ घेतली आणि जानेवारी २००६ मध्ये कोचीला पहिलं मानवरहित विमानांचं पथक उभं राहिलं. मग २६ नोव्हेंबर २००८ उजाडला. पोरबंदरचा ‘कुबेर’ ट्रॉलर समुद्रातच ताब्यात घेऊन दहा दहशतवादी मुंबईपर्यंत आले आणि रबरी होडीतून बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं, कोण तुम्ही म्हणून विचारलं होतं. या वेळीही किनाऱ्यावरची नजर झोपलेली नव्हती. तिच्यामागं धावून येणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर पैसा आला. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली गेली. किनारी रडारची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. सागरी पोलीस ठाण्यांना बोटी मिळाल्या, मच्छीमारांना ओळखपत्रं. मुरुड-जंजिऱ्याला तटरक्षक दलाचं ठाणं आहे, मांडव्याला आणि दिघीला सागरी पोलीस आहेत. जानेवारी २०११ मध्ये मानवरहित विमानांचं दुसरं पथक पोरबंदरला सुरू झालं, म्हणजे अरबी समुद्राच्या या बाजूला कायमचा डोळा बसला. नोव्हेंबर २०२० मध्ये, लडाखमधल्या चीनसोबतच्या तणावाच्या काळात, नौदलानं दोन ‘एमक्यू-९बी सी-गार्डियन’ भाड्यानं घेतली आणि तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर ठेवली. त्यांना चाळीस हजार फुटांची उंची आणि तीस तासांहून अधिक मुक्काम जमतो. पहिल्या दोन वर्षांत ती दहा हजार तास उडाली, असं ती बनवणारी जनरल अॅटॉमिक्स सांगते.

आणि मग २०२२चा ऑगस्ट. १८ तारखेला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक सोळा मीटर लांबीची बोट लागली. आत माणूस नाही. पेट्यांमध्ये तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. श्रीवर्धन तालुका, समुद्र, शस्त्रं: १९९३ आठवण्यासाठी आणखी काय हवं? काही तासांत जिल्हाभर नाकाबंदी झाली, मुंबईत सतर्कतेचा इशारा गेला. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माहिती दिली. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपच्या वाटेवर. २६ जूनला भर समुद्रात इंजिन बिघडलं, मदतीची हाक गेली, एका कोरियन युद्धनौकेनं माणसं उचलली आणि समुद्र खवळलेला म्हणून बोट तशीच सोडून दिली. शस्त्रं चाच्यांपासून बचावासाठी ठेवलेली. पावसाळी वारा आणि प्रवाह तिला ढकलत ढकलत कोकणात घेऊन आला.

साडेसात आठवडे ही बोट अरबी समुद्रात भरकटत होती. योगायोग असा की त्याच काळात, १५ जूनपासून, ‘झेफिर’ नावाचं सौरऊर्जेवर चालणारं मानवरहित विमान अमेरिकेतल्या अॅरिझोनावर साठ हजार फुटांच्या वर उडत होतं. पंचवीस मीटर पंख आणि वजन पंचाहत्तर किलोच्या आत. दिवसा पंखावरच्या सौरपट्ट्यांनी बॅटरी भरायची आणि रात्र तिच्यावर काढायची. ते ६४ दिवस हवेत राहिलं आणि ऑगस्टच्या त्याच आठवड्यात पडलं. म्हणजे ‘लेडी हान’ जितके दिवस निनावी वाहत होती, तितके सगळे दिवस जगात कुठं तरी एक यंत्र न उतरता आकाशात होतं. तंत्र अस्तित्वात होतं. आपल्या समुद्रावर नव्हतं.

पण असतं तरी? इथं पावसाळ्यातल्या अरबी समुद्राबद्दल बोलायला हवं. जून ते सप्टेंबर ढगांचा जाड थर असतो आणि कॅमेऱ्याला खाली फक्त पांढरं दिसतं. रडार ढगांतून आरपार बघतं खरं. मात्र खवळलेल्या लाटांवरून परतणारे प्रतिध्वनी इतके असतात की लहान, फायबरच्या किंवा लाकडाच्या बोटीचा क्षीण प्रतिध्वनी त्यांत विरघळतो. मोठ्या जहाजांना आपली ओळख सतत प्रसारित करणारी यंत्रणा सक्तीची आहे. लहान होड्यांना ती सक्ती लागू नाही. आणि मासेमारीचा मोसम सुरू झाला की बोडणी, रेवस, थळ, वरसोली, रेवदंडा, एकदरा, जीवना इथून निघणाऱ्या होड्यांचे ठिपके पडद्यावर तांदळासारखे सांडतात. त्यात खडा कुठला, हे उंचीवरून कळत नाही.

खोट्या हाकाही या किनाऱ्यानं भरपूर पाहिल्या. उरीच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, २२ सप्टेंबर २०१६ला, उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि नौदल, तटरक्षक, एनएसजी, हेलिकॉप्टरं सगळी उरणात उतरली. हाती काही लागलं नाही. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईसमोर रडारवर पाकिस्तानी बोटीसारखी खूण दिसली. रात्रभर नाकाबंदी, शोध. निघाला तो मासेमारीच्या जाळ्याला बांधलेला, वाहत आलेला बोया. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. त्यानं खूण दाखवली. ती बोट आहे की बोया, हे ठरवायला पाण्यात उतरावं लागलं. अशा हाका फुकट गेल्या म्हणून कुणी हसू नये. लेडी हानच्या वेळी जर कुणी ‘असेल कुणाची तरी’ म्हणून खांदे उडवले असते तर ते परवडलं नसतं.

उंचावरच्या यंत्राचं खरं बळ दिसलं ते आपल्या किनाऱ्यापासून फार लांब. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी ‘एमव्ही रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं होतं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता या विनाशिकेनं भारतापासून सुमारे २६०० किलोमीटरवर त्याला गाठलं. जहाजाच्या डोक्यावर ‘पी-८आय’ हे टेहळणी विमान आणि मानवरहित विमान पाळत ठेवून होतं, सी-१७ या मालवाहू विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो छत्रीनं समुद्रात उतरले. चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी जिवंत सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. मोकळा समुद्र, एकच जहाज, कोण शत्रू ते ठाऊक, आणि हाकेला ओ देणारी विनाशिका शेजारी: अशा ठिकाणी हे विमान सोन्याच्या मोलाचं. कोकणच्या गजबजलेल्या खाड्यांत यातली एकही अट पुरी होत नाही.

यंत्रंही पडतात, हे विसरून चालणार नाही. भाड्याच्या दोन सी-गार्डियनपैकी एक १८ सप्टेंबर २०२४ला बिघाडामुळं बंगालच्या उपसागरात उतरवून सोडावं लागलं. तरीही त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला भारतानं अशा ३१ विमानांचा करार केला: १५ नौदलाला, प्रत्येकी आठ भूदल आणि हवाई दलाला. खर्च ३२ हजार कोटींच्या घरात. विमानं हातात पडायला २०२९ उजाडेल असा अंदाज आहे. दरम्यान बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेनं सौर विमानाचं छोटं प्रारूप फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चळ्ळकेरेला सुमारे साडेआठ तास उडवलं. तीन महिने वर राहणारं पूर्ण आकाराचं विमान हे त्यांचं उद्दिष्ट आहे. ते साधलं तर श्रीवर्धनच्या आकाशात पावसाळाभर एक यंत्र ढगांच्या वर राहू शकेल, आणि भरकटलेली बोट किनाऱ्याला लागण्याआधी तिचा माग काढता येईल. खर्च योग्य आहे, असंच माझं मत आहे. ज्या देशाला अकरा हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे त्यानं फक्त बुरुजावरून बघत बसणं शक्य नाही.

फक्त त्या ३२ हजार कोटींच्या शेजारी सागरी पोलीस ठाण्यांचा हिशेबही मांडायला हवा. दिघीच्या ठाण्याची गस्तीची बोट चालू आहे का, तिला डिझेल मिळतं का, तांडेल पगारावर आहे का, रात्रीच्या पाळीला माणसं पुरेशी आहेत का, हे प्रश्न विधिमंडळात दर अधिवेशनाला विचारले गेले पाहिजेत. १९९३ला शेखाडीत घात झाला तो किनाऱ्यावरच्या माणसांपाशीच, आणि आकाशातल्या कुठल्याही विमानाला ही जागा भरून काढता येत नाही. आमदारांनी विचारावं, वर्तमानपत्रांनी पाठपुरावा करावा. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, फिरायला येणाऱ्यांनीसुद्धा, समुद्रात किंवा पुळणीवर अनोळखी बोट, पेटी किंवा माणसं दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक फिरवावा. बोया निघाला तरी हरकत नाही.